एका मजकुराची दुरुस्ती

आमच्या बॅचमधलं कुणी गेलं की तासाभरात मला फोन येतो. "सर, मजकूर टाका." मी हायस्कुलात तीस वर्षं शास्त्र शिकवलं म्हणून मी सर. मजकूर म्हणजे मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकायची श्रद्धांजली. गेलेला कॉलेजात कसा होता, पुढे काय केलं, मागे कोण कोण आहे, आणि शेवटच्या ओळीत रक्षाविसर्जन कुठे आणि किती वाजता. शेवटची ओळ सगळे वाचतात. वरचं कुणी वाचत नाही, असा मला जुना संशय होता.

हे काम माझ्या गळ्यात पडलं ते अक्षरामुळे. कॉलेजात लॅबच्या बाहेर एक फळा होता, त्यावर मी खडूने सूचना लिहायचो. अक्षर बरं आहे म्हणून माणसाने म्हातारपणी मेलेल्यांवर लिहीत बसायचं, हा कुठला न्याय? पण नाही म्हणायची सोय राहिली नाही. आता मोबाइलवर तर अक्षराचा संबंधही उरला नाही, तरी मजकूर माझाच.

सुरुवातीला मी जीव ओतून लिहायचो. पहिला गेला तो आमचा जैन मित्र. सूर्य मावळायच्या आत त्याला जेवायचं असायचं, म्हणून थंडीत प्रॅक्टिकल लांबलं की त्याच्या नळ्या आम्ही धुवायचो आणि त्याला मेसकडे पिटाळायचो. पुढे त्याने कापडाचं दुकान काढलं, तिथेही संध्याकाळी गिऱ्हाइकाला "बसा हं, आलोच" म्हणून जेवायला पळायचा. त्याच्यावर लिहायला मला दोन दिवस लागले होते आणि लिहिताना मी रडलो होतो.

मग ते सुरूच झालं. वर्षाला एक, वर्षाला दोन, एका उन्हाळ्यात तीन. पंचगंगेच्या घाटावर आम्ही तेच तेच लोक, दर वेळी एक कमी, उभे राहून गुडघ्यांबद्दल बोलायचो. स्पष्टच सांगतो, मी कंटाळलो. दुःख होतं, पण दुःखालाही दम लागतो. हळूहळू सगळेच मनमिळाऊ झाले, सगळेच कष्टाळू आणि निगर्वी झाले. त्यातले दोघे किती गर्विष्ठ होते हे सगळ्या बॅचला माहीत आहे.

अशात नेसरीचा मित्र गेला. बी.एस्सी. झाल्यावर तो गावी परतला आणि दूध संस्थेचा सेक्रेटरी झाला. सकाळ-संध्याकाळ लोकांच्या दुधाची फॅट मोजायची, वहीत लिहायची, की झाला दिवस. स्नेहमेळाव्याला क्वचित यायचा, आला तर मागच्या रांगेत बसायचा आणि संध्याकाळच्या दुधाला पोचायचं म्हणून लवकर उठायचा. सकाळी सातला निरोप आला आणि मी आळस केला. आदल्या वर्षी कागलकडचा एक मित्र गेला होता, साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होता. त्याचा मजकूर उचलला, नाव बदललं, गाव बदललं, मुलं-नातवंडं बदलली, रक्षाविसर्जनाची वेळ बदलली आणि टाकून दिला. मधली दोन वाक्यं तशीच राहिली. त्यामुळे आमचा दूध संस्थेचा सेक्रेटरी साखर कारखान्यात चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झाला.

ग्रुपवर चाळीसेक जणांनी हात जोडले. एकालाही कळलं नाही. माझा जुना संशय खरा ठरला, पण त्याचा आनंद कसला!

बारावं झाल्यावर एका दुपारी फोन आला. "भावजी, मी नेसरीस्नं बोलतोय. सेक्रेटरींची मालकीण."

"बोला वहिनी."

"तुमी लिवलंयसा, हे कारखान्यात चीफ केमिस्ट हुते म्हणून. पुतण्यानं त्येच डिजिटल बोर्डावर छापून स्टँडावर लावलंय. बाया मला इचारत्यात, सेक्रेटरी कारखान्यात कवा हुते?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "लग्नाआदी हुते काय वो? मला कवा बोलले न्हाईत."

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नवऱ्याने आपल्यापासून काही लपवलं काय, एवढंच त्या बाई विचारत होत्या. तेही मला, ज्याने त्यांच्या नवऱ्यासाठी नवीन दोन वाक्यं लिहायचे कष्ट घेतले नव्हते.

"नाही वहिनी, चूक माझी. दुसऱ्याचा मजकूर त्यात राहिला."

"आसं व्हय." मग म्हणाल्या, "मग कालेजात त्ये कसं हुते, त्ये तरी सांगा की. घरात एक शब्द बोलले न्हाईत त्या दिसांचा."

"आठवून सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

खोटं बोललो. आठवायची गरजच नव्हती. त्याच्याबद्दल मला एक गोष्ट चांगली आठवत होती, आणि म्हणूनच मी त्याच्यासाठी उसना मजकूर आणला होता. त्याचं खरं लिहायचं तर माझंही खरं लिहावं लागलं असतं.

मला फिकट गुलाबी रंग दिसत नाही. जन्मापासूनच. गडद झाला की दिसतो, फिकट असला की पाणी आणि तो सारखाच. हे मला कळलं ते कॉलेजच्या लॅबमध्ये. वरच्या नळीतून द्रावण थेंब थेंब सोडायचं आणि खालच्या फ्लास्कमध्ये अगदी फिकट गुलाबी छटा आली की तोटी बंद करायची, हा आमचा रोजचा उद्योग. सगळे आकडेमोडीला बसायचे तेव्हा माझा फ्लास्क जास्वंदीसारखा लाल झालेला असायचा. मी कुणालाच सांगितलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या नेसरीच्या पोराने मात्र ओळखलं. त्याने विचारलं नाही, चिडवलं नाही. एके दिवशी माझ्या फ्लास्ककडे बघत तो नुसता खोकला. मी तोटी बंद केली. उत्तर बरोबर आलं.

त्यानंतर दोन वर्षं तसंच. वार्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक समोर उभे होते, तरी हा आपलं काम सांभाळून तिरक्या नजरेने माझं बघत राहिला आणि नेमक्या थेंबाला खोकला. परीक्षक त्याला म्हणाले, "पाणी पिऊन ये." मी पास झालो, पुढे बी.एड. केलं, शास्त्राचा मास्तर झालो. वर्गात प्रयोग दाखवताना मी मुलांना विचारायचो, "सांगा बघू, रंग आला का?" तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा दिला, विद्यार्थ्यांना उत्तम प्रकारे सहभागी करून घेतात. तो शेरा मी अजून जपून ठेवलाय, लाज वाटते तरी.

चार दिवसांनी वहिनींना फोन करून हे सगळं सांगितलं. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं ते, आयुष्यात एकदाच भेटलेल्या बाईला सांगितलं.

"खोकत हुते व्हय!" त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. "आवो, संस्थेत कुणाच्या दुधात पाणी असलं की चारचौघांत बोलायचे न्हाईत. नुसतं खोकायचे. मानूस समजायचा, किटली उचलून घरी जायचा. मी नवी नवरी हुतो तवा त्येंना काढा करून पाजलाय, छातीत कफ झालाय म्हणून." हसता हसता आवाज फाटला. "मला वाटायचं ही खोड गावात लागली. तुमच्यापासनं लागलीया व्हय."

मग म्हणाल्या, "हे लिवा भावजी. डिजिटल मी काढाय लावतो, पर हे लिवा."

आमच्या स्नेहमेळाव्यात वर्षभरात गेलेल्यांच्या घरच्यांना बोलावून शाल-श्रीफळ द्यायची पद्धत आहे. त्याआधी मी सगळ्यांचे मजकूर वाचून दाखवतो. यंदा चौघे होते. वहिनी सकाळच्या एसटीने सुनेला घेऊन आल्या आणि पहिल्या रांगेत पदर सावरून बसल्या. हॉलमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बसलेल्यांत दोघे निवृत्त मुख्याध्यापक, एक माजी प्राध्यापक, आणि मागे माझी बायको.

तिघांचं वाचून झालं. मग नेसरीचा. सुरुवातीलाच चूक कबूल केली, तो कारखान्यात नव्हता, दूध संस्थेत होता म्हणून सांगितलं. लोक माना हलवत होते. "प्रॅक्टिकलला तो माझ्या शेजारच्या टेबलावर असायचा," इथवर वाचलं. पुढची ओळ कागदावर स्वच्छ लिहिलेली होती, माझ्याच चांगल्या अक्षरात. मी ती नजरेने ओलांडली आणि म्हणालो, "स्वभावाने तो अत्यंत मनमिळाऊ..."

पहिल्या रांगेत वहिनी खोकल्या. एकदाच, हळू.

मी थांबलो. चष्मा काढून पुसला. मग ओलांडलेल्या ओळीवर परत आलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "मला फिकट गुलाबी रंग दिसत नाही. मी जो काही मास्तर झालो, तो त्याच्या खोकल्यावर झालो."