मुक्ताच्या सीटमधली पाठ

आधीच सांगते, भुताखेतांच्या बाबतीत मी अगदी कोरडी बाई. जन्मभर लोणावळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवलं. तरुणपणी तर मी असह्यच होते! शेजारच्या भाजे गावात कुणा बाईच्या अंगात आल्याचं कळलं, की मी पदर खोचून हजर. एकदा एकीसमोर बसून मेंदू आणि मज्जासंस्थेवर असं भाषण ठोकलं, की ती बिचारी कंटाळून शुद्धीवर आली. लोक म्हणाले, तिच्यापेक्षा मोठं वारं तर मास्तरीणबाईंच्या अंगात येतं.

अशा बाईनं हे लिहायचं म्हणजे... हसा खुशाल.

माझा मुलगा शिरीष टूरिंग कार चॅम्पियनशिपमध्ये गाडी चालवायचा. टूरिंग कार म्हणजे तुमच्या-आमच्या दारातल्याच गाड्या, फक्त आतलं सगळं काढून शर्यतीसाठी बांधलेल्या. कार्ले फाट्याजवळ, जुन्या हायवेला लागून त्याचं गॅरेज. मी इतकी वर्षं त्या वेगाला भ्यायले – आणि शिरीष गेला तो स्वयंपाकघरात, चहाचं आधण ठेवताना. उभ्या उभ्या.

येत्या सीझनसाठी त्यानं नवी गाडी घेऊन ठेवली होती. जुनी सीटसकट विकून टाकली होती. आता नव्या गाडीत मुक्ता बसणार – त्याची एकुलती एक लेक, लहानपणापासून कार्टिंगच्या छोट्या गाड्या पळवत वाढलेली. सून गॅरेजकडे फिरकतही नाही, म्हणून सीट बनवायच्या दिवशी मी मुक्तासोबत गेले.

ही सीट कशी बनते, तेही ऐका. सीटच्या कडक कवचात प्लास्टिकची पिशवी अंथरतात, तिच्यात दोन द्रावणं मिसळून ओततात आणि ड्रायव्हर वर बसतो. फोम फुगतो, त्याच्या पाठीचा साचा घेतो आणि कडक होतो. तोवर हलायचं नाही. वळणावर अंग सरकू नये म्हणून ही खटपट.

सकाळची वेळ. शटर उघडं, समोर भातखाचरं. शिरीषचा मेकॅनिक पोपट, टाकवे बुद्रुकचा, डबे ढवळत होता.

"आजी, तुमी जरा लांब बसा. ह्ये लय फुगतं."

"इडलीसारखं?"

"व्हय. पन सांबार न्हाई."

मुक्ता हेल्मेट घालून, स्टिअरिंग धरून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आज्जी, मला मागून कुणी धरलंय का गं?"

"कोण धरणार? फोम चढतोय वर." लगेच शास्त्रोक्त उत्तर. जुनी खोड.

फोम कडक झाला, ती उठली. पोपट बघायला वाकला... आणि वाकलेलाच राहिला.

"काय झालं रे?"

"आजी... ह्ये ताईंचं न्हाई."

मुक्ता म्हणजे शेवग्याची शेंग. आणि सीटमधला खड्डा चांगला रुंद, पुरुषी. डावा खांदा उजव्याहून खाली उतरलेला. शिरीष लहानपणी जांभळीवरून पडला होता, हाड वाकडं जुळलं, तेव्हापासून त्याचा डावा खांदा असाच. त्या खांद्यावर मी किती तेल जिरवलंय! मी आत हात घातला. हाडाच्या उंचवट्याच्या जागी खळगा होता. माझा तळहात त्यात नेमका बसला.

"मिश्रण चुकलं असेल. हवा गरम आहे. पिशवी सरकली असेल," मी बडबडत सुटले.

"पिशवी सरकून खांदा उतरतो व्हय, आजी?"

मुक्ता पुन्हा आत बसून बघू लागली. दोन्ही बाजूंनी जागा उरली. "बाबा आहे ना हा?" म्हणाली आणि रडायलाच लागली.

पोपटानं नीट पाहिलं. पिशवी फाटून फोम कवचाला चिकटला होता. "काडायचा म्हनलं तर खरवडावा लागंल, चुरा हुईल. न्हाईतर ह्याच्यातच दुसरी पिशवी घालून ओततो. वर ताईंचा साचा बसंल."

"आणि हा?"

"झाकला जाईल."

दुसरी सीट परदेशातून यायची, तोवर सीझन सुरू होऊन जाणार. मुक्तानं डोळे पुसले. "राहू दे. नाही खेळत मी यंदा. ही सीट तू घरी ने, आज्जी."

मला हवी होती हो! खोटं कशाला बोलू? खाटेशेजारी ठेवली असती, रोज हात फिरवला असता. मुक्तानं मोबाइलवर फोटो काढले, पण फोटोत नुसता पिवळट खड्डा दिसतो. कुणाचाही.

"जा, दोघं चहा घेऊन या," मी म्हटलं.

ते गेल्यावर मी खाली बसले. (कशी बसले ते विचारू नका, उठवायला नंतर दोघं लागली.) उतरलेल्या खांद्याच्या जागी गाल टेकवला. रसायनाचा वास. ऊब नाही, काही नाही. 'शिऱ्या' अशी हाक अगदी ओठांवर आली. मारली नाही. ओ आली नसती तर?

ते परतले तेव्हा म्हटलं, "पोपट, ओत."

"आजी, इचार करा."

"केला. पोरीला बसायला जागा पाहिजे."

"आज्जी, नको ना गं..."

"तू गप बस आणि हलू नकोस."

दुसरा साचा मुक्ताचा निघाला. अरुंद, सरळ, दोन्ही खांदे एका पातळीत. तेच डबे, तोच पोपट, तीच पोरगी. शाळेतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याला विचारलं, तो रसायनशास्त्र शिकवायचा. उष्णता, दाब, बुडबुडे असं बरंच बोलला. मीही मुलांना हेच सांगितलं असतं. मला काही ते पटलं नाही, आणि दुसरं कारणही आजवर सापडलेलं नाही.

पुढच्या महिन्यात पहिली शर्यत. मुक्ता पट्टे आवळून त्या सीटमध्ये बसेल. तिच्या पाठीमागे बोटभर फोम, आणि त्याच्यामागे... तिथे माझा हात आता पोचत नाही.