नमाजापुरती राखण

पंच्याण्णवच्या सुमारास लिंबायतला एक म्हातारे चाचा हातगाडीवर कापडाचे तुकडे विकत. कतारगामच्या शेठने मला चोर ठरवून कारखान्यातून काढलं होतं; तो राग मी प्रत्येक घासाघिशीत काढायचो. त्या दुपारी भावावरून चाचांवर ओरडत होतो, तेवढ्यात अजान झाली. त्यांनी कापड मोजायची पट्टी माझ्याच हातात दिली.

"भाई, गाडी संभालो. झगडा नमाज के बाद."

ते मशिदीत गेले. मी त्यांच्याच भावाने, एक पैसा न सोडता, गिऱ्हाइकांशी भांडून तीन तुकडे विकले.

ते परतल्यावर म्हणालो, "चाचा, माल मोजून घ्या."

"जिसके आगे झुककर आया हूँ, वो यहाँ भी देख रहा था."

आमचा झगडा राहूनच गेला. घरी जाताना मी मुद्दाम कतारगामची वाट धरली आणि शेठच्या दारावरून ताठ मानेने गेलो.