ज्याची चूक, त्याचा चहा

लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ जुनाच. पाऊस हुकला की आमच्या हातपंपाच्या कारखान्यात पेढे वाटले जात.

फोरमनची एक खोड होती. बिघडलेला पंप परत आला की तो सगळ्यांसमोर उघडायचा आणि विचारायचा, "बोला, कोणाचं पाप हाय?" कबूल करणाऱ्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. ती चूक मग पुन्हा होत नसे.

एकदा औशाहून पंप परत आला. चूक माझ्या ड्रॉइंगची होती. मी पडलो इंजिनिअर; खापर वायसरवर फोडलं. फोरमननं चहा स्वतःच मागवला.

"घ्या साहेब. तुमी अजून शिकायलाव."

चहा मी प्यालो, ड्रॉइंग बदललं नाही. त्या उन्हाळ्यात मुखेडकडचे आमचे पंप एकेक करून बंद पडले आणि बाया पुन्हा कोसभर पाण्याला जाऊ लागल्या.