आकड्यात धरलेलं सूप

कडबा कुट्टीच्या मशिनमध्ये माझा डावा हात गेला, तेव्हा पोरगी दुसरीत होती. पेंढी अडकली म्हणून मी ती रेटली आणि पेंढीबरोबर हातही आत ओढला गेला. चौसाळ्याहून गाडीत घालून मला बीडला नेलं. शुद्धीवर आले तेव्हा कोपराच्या खाली चार बोटांएवढाच हात उरला होता.

घरी आल्यावर एका हातानं काय काय अडतं ते कळलं. भाकरी थापता येत होती, पण परकराची नाडी बांधता येईना. वर्षभर ती सासूबाईंनी बांधली. रोज सकाळी मी न्हाणीच्या दाराशी परकर धरून उभी राहायची आणि त्या हातातलं काम टाकून यायच्या. कधी कुरकुरल्या नाहीत. पण घरात पाहुणे असले की मला हाक मारायची लाज वाटायची. मी तशीच आत थांबायची.

मग शहरात हात बसवून देतात असं कळलं. आमचे मालक मला घेऊन गेले. तिथं टेबलावर दोन हात ठेवलेले. एक गव्हाळ रंगाचा, नखांसकट, अगदी खऱ्यासारखा. दुसऱ्याला पंजाच्या जागी चिमट्यासारखा स्टीलचा आकडा. मालकांनी पहिलाच उचलला.

"ह्योच घे. लग्नाकार्यात कुणाला कळायचं बी न्हाई."

माप घेणाऱ्या बाईंना मी विचारलं, "यानं नाडी बांधता येती का?"

"तो दिसायला आहे. काम करायचं असेल तर आकडा."

"मग आकडाच द्या."

मालकांनी तो गव्हाळ हात परत टेबलावर ठेवला.

आकड्याचा पट्टा उजव्या खांद्यामागून यायचा. खांदा पुढं केला की आकडा उघडायचा, ढिला सोडला की मिटायचा. सांगायला सोपं, पण पहिले कित्येक दिवस मी पेले पाडले, कागदी कप चेंगरले. घामानं कातडी सोलायची. रात्री खोबरेल लावायचं, सकाळी पुन्हा चढवायचा.

एक दिवस न्हाणीबाहेरून सासूबाई ओरडल्या, "येऊ का गं?"

"न्हाई आत्याबाई, झालं."

"काय झालं?"

"बांधली."

त्या न विचारता आत आल्या, गाठ ओढून बघितली. "लई घट्ट हाय. संध्याकाळी सुटन का?" म्हणाल्या, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

त्याच वर्षी हिवाळ्यात शेजारी लग्न निघालं. गहू पाखडायला गल्लीतल्या बाया अंगणात जमल्या. मी सूप उचललं तर शेजारच्या काकूंनी ते हातातून काढून घेतलं.

"राहू दे बाई. तू नुसते खडे निवड."

"द्या तर खरं, काकू."

आकड्यात सुपाची डावी कड धरली, उजवीकडून हात लावला आणि झटका दिला. मूठभर गहू खाली सांडले. कुणी माझ्याकडं बघेना. मी सूप जरा अंगाकडं घेतलं, खांदा सैल सोडला आणि पुन्हा झटका दिला. फोलकट पुढं उडालं, गहू सरसर मागं आले. परत तेच. मग हात आपोआप चालू लागला. वर्षभरात विसरले असेन असं वाटलं होतं, तो नाद अंगात तसाच होता.

"अगं, ही तर आमच्याहून बेस पाखडती की!" काकू म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या सुपातले गहू माझ्या सुपात ओतले.

तेवढ्यात मालक खांद्यावर पोतं घेऊन आले आणि अंगणाच्या मधोमध थांबले. आकडा पदराखाली झाक, असं याआधी ते मला दोनदा म्हणाले होते. आज ते नुसते सुपाकडं बघत राहिले.

"बघताय काय? इकडं टाका," मी म्हणाले.

त्यांनी पोतं माझ्याजवळ टेकवलं, त्याचं तोंड सोडलं आणि म्हणाले, "दुसरं बी आणू का?"

"आणा."

दुपारच्या आत दोन्ही पोती संपली.