काठोकाठ चहा

हसियत-ओपा ताश्कंदच्या रेडिओ स्टुडिओत आवाज करायच्या. आमच्याकडे ताईला ओपा आणि दादाला अका म्हणतात. गाण्यात मधेच दार खडखडतं, घोडा दौडतो, ते सगळं त्यांच्या हातचं. मी त्यांच्या हाताखाली टेप कापायचे.

मॉस्कोहून बडे पाहुणे येणार म्हणून स्वागतगीत बसवलं. दुसऱ्या कडव्यानंतर वाद्यं एकदम गप्प होतात आणि नुसता चहा ओतल्याचा आवाज. कल्पना ओपांचीच. गाणं रेडिओवर लागलं, आणि त्या जागी बाजारातली माणसं खो खो हसायला लागली.

"हसतात का गं मेले?"

"ओपा, चहा थांबतच नाहीये! पियाला काठोकाठ भरलाय. आणि पाहुण्याला काठोकाठ म्हणजे..."

"...प्या आणि चालते व्हा," ओपा म्हणाल्या.

मानाच्या पाहुण्याला घोटभरच ओतायचा, म्हणजे तो बसून राहतो, पुन्हा पुन्हा ओतता येतो. हे काय ओपांना ठाऊक नव्हतं? पण घोटभर चहा माइकला ऐकूच येईना, म्हणून त्या ओतत राहिल्या. त्यांच्या वडिलांना एका विनोदापायी सरकारी माणसांनी घरातून नेलं होतं. ते परत आले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी रेडिओवर नजर ठेवणाऱ्या समितीच्या एर्गाश-अकांचं बोलावणं आलं. दोघींनाही.

"त्या आवाजाचा अर्थ काय, ओपा?"

"अर्थ कसला, अका? चहा आहे."

"मॉस्कोवाल्यांना फार आवडलं गाणं. त्यांना काय कळतंय! पण मी मार्गिलानचा, इथलाच. आईच्या हातचा चहा पिऊन वाढलोय."

"माइक बहिरा आहे हो, अका. थोडका चहा त्याला ऐकू जात नाही."

अका हसले नाहीत. त्यांनी किटली उचलली, पियाला ओपांपुढे ठेवला आणि ओतायला लागले.

मी धारेकडे बघत राहिले. धार घोटभरावर थांबली, तर त्याचा अर्थ, बसा, निवांत बोलू. या खोलीत निवांत बोललेली माणसं आम्हाला माहीत होती. ओपांनी डोळे मिटले. आयुष्यभर आवाज ओळखलेली बाई आता नुसत्या कानांनी बसली होती.

धार थांबली नाही. पियाला भरला, कागदांवर सांडला.

"प्या," अका खिडकीकडे बघत म्हणाले. "आणि ती टेप पुसा."

ओपांनी तो कढत चहा एका दमात संपवला. जिन्यात त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"काय गोड आवाज होता गं," त्या पोळल्या जिभेने म्हणाल्या. "चल, पळ आता."