घरातलं नाव

मे महिन्याची सुट्टी होती. चहा पिता पिता पेपरातल्या निधनवार्तांवरून नजर फिरवली. 'सौ. वैदेही व्यंकटेश देशपांडे, धारवाड.' फोटो नव्हता. धारवाडात दगड मारला तर देशपांड्यालाच लागेल, त्यातलं कोणीतरी असेल म्हणून पान उलटलं. कॉलेज उघडलं त्या दिवशी लॅबमधला बसप्पा म्हणाला, "सर, मॅडम तीरिकोंडरंत... गेल्या हो. तुम्ही मातीला दिसला नाहीत?" कोण मॅडम? "सुनंदा मॅडम की!" पेपरात सासरचं नाव होतं, वैदेही देशपांडे, हेही त्यानंच सांगितलं. ज्या बाईंशी इतकी वर्षं रोज भांडलो, त्यांच्या मरणाची बातमी मी वाचली होती, आणि वाचून पान उलटलं होतं. असा संताप झाला म्हणून सांगू! पेपरवर, घरच्यांवर, आणि खरं सांगतो, बाईंवरसुद्धा.

सुनंदा कुलकर्णी, माहेरच्याच नावानं, आमच्या हुबळीच्या कॉलेजात फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकवायच्या. नव्वदच्या दशकात हा विषय पोरं नाइलाजानं घ्यायची. मी शिकवायचो सी, संगणकाची नेहमीची भाषा. माझ्या भाषेत आकडा ठेवायचा डबा एक, त्यात आज पाच ठेवा, उद्या सहा. बाईंच्या भाषेत डब्यातलं बदलायचंच नाही! "अहो बाई, मग मोजणी पुढं न्यायची कशी?" "नवीन आकडा करायचा." "आणि जुना?" "जुना आहे तिथंच राहतो की." डोकं फिरायचं माझं. गोकुळ रोडच्या कारखान्यांना हजेरीचे प्रोग्रॅम लिहून देणारा माणूस मी, मला हे सोवळं कशाला? पण समजत नाही हे सहनही होत नव्हतं. पुस्तकं उघडायचो, आपटून मिटायचो आणि पुन्हा त्यांच्याच टेबलाशी जाऊन उभा राहायचो.

एकदा त्याच वैतागल्या. "हे बघा सर, माझ्या लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहिलं. म्हणून सुनंदा पुसली गेली काय? नावं दोन, माणूस तोच. कुठल्याही नावाच्या जागी तो माणूस ठेवा, अर्थ बदलता कामा नये. एवढंच आहे सगळं." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, नवीन नाव कोणतं? "ते घरातलं. घरातलं नाव घराबाहेर दिसत नाही, हाही आमच्या विषयातला नियमच. लिहून घ्या!" आणि खो खो हसल्या. हसा, बाई... तुमचे नियम संगणकात बरोबर चालले. इथं मात्र नाव वाचलं आणि माणूस दिसलाच नाही. शेवटचं दर्शन हुकलं ते हुकलंच.

गेल्या रविवारी धारवाडला त्यांच्या घरी गेलो. दार बाईंच्या सासूबाईंनी उघडलं. सुनंदाबाईंचं घर हेच ना, विचारलं. "इथं कोणी सुनंदा नाही," म्हणत त्या दार लावायलाच लागल्या. आतून बाईंचे यजमान व्यंकटेशराव धावत आले. "आई, वैदेहीकडं आलेत ते. कॉलेजातले." खिडकीजवळ बाईंची वेताची खुर्ची होती, पेपर तपासायची. खुर्चीच्या हातांवर लाल शाईचे डाग. "बसा की," व्यंकटेशराव म्हणाले. मला बसवेना. सासूबाईंनी मला जवळ बोलावून ते नाव पुन्हा विचारलं. मी सांगितलं. त्या तोंडातल्या तोंडात ते घोळवत राहिल्या... मग लेकाकडं वळून म्हणाल्या, "सुनंदा. चांगलं होतं की रे. आपण कशाला बदललं?"