त्यांनी एकदाच विचारलं

आमच्या बेसबॉल संघाला स्ट्रॅटेजीचा नवा हेड मिळाला, हे मला हेन्डरसनच्या बाजारात भाजी घेताना ईमेलवर कळलं. सहा वर्षं मी या संघाला फुकटात आकडे काढून दिले, आणि बातमी मला मिळाली ती सगळ्या वर्गणीदारांना एकदम गेलेल्या पत्रातून. खाली नव्या हेड बाईंचा हसरा फोटो. याआधी त्या टौरंगा गावात कीवीफळं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत प्लॅनिंग बघायच्या. कुठला खेळाडू घ्यायचा, कुणाला सोडायचं, पुढच्या तीन वर्षांत संघ कुठे न्यायचा, हे आता त्या ठरवणार होत्या. मी फ्लॉवर परत ठेवला आणि काहीच न घेता घरी आलो.

मी दिवसा एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. ते पोटासाठी. पुण्यात कॉलेजात असताना क्रिकेटची स्कोअरबुकं भरायचो. इथे मुलगी क्लबात बेसबॉल खेळायला लागली तेव्हा मैदानाच्या कडेला नुसतं बसवेना, म्हणून वही काढली. कोण कुठल्या बाजूला मारतो, कुठला पिचर किती चेंडूंनंतर ढिला पडतो, सगळं लिहीत गेलो. मुलीने दोन वर्षांत खेळ सोडला, मी नाही सोडला. वहीतून मोठ्या संघासाठी तक्ते झाले, आणि कोच माझ्या कागदाशिवाय मैदानात उतरेनासा झाला. हे काम कधी पगारी झालं तर विम्याची नोकरी त्याच दिवशी सोडेन, असं मी बायकोला शंभरदा सांगितलं होतं.

आणि ते पगारी झालं. जानेवारीतल्या बार्बेक्यूला क्लबचे अध्यक्ष, शॉर्ट्स आणि जँडल्स म्हणजे रबरी चपला घालून, सॉसेज उलटत मला म्हणाले, की आता स्ट्रॅटेजीसाठी पूर्णवेळ माणूस घ्यायचा विचार आहे. "यू कीन, मेट?" म्हणजे, तुला करायचंय का?

आणि मी म्हणालो काय? "नो, नो. यू विल फाइंड समवन बेटर."

पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणायचं नसतं, हे माझ्या हाडात आहे. लहानपणी कुणाकडे गेलो की पहिल्या लाडवाला "नको", दुसऱ्यांदा "नको, खरंच नको", आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग हात पुढे. पहिल्याच वेळी हात पुढे केला तर आई घरी आल्यावर चिमटा काढायची. आता अध्यक्षांनी म्हणायला हवं होतं, "अरे, असं काय बोलतोस? तुझ्याशिवाय आहे कोण?" मी वाट बघत उभा होतो.

"स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे', ते म्हणाले, आणि पुढचं सॉसेज उलटलं.

जाहिरात आली. बायको म्हणाली, "अर्ज कर." मी म्हणालो, "सहा वर्षं बघतायत मला. अर्ज कसला करायचा? येतील विचारायला." मुदत संपेपर्यंत मी रोज फोन बघत होतो. आलाच नाही कुणी.

त्यामुळे त्या ईमेलनंतर मी घरात जो तमाशा केला त्याला काही अर्थ नव्हता. अध्यक्षांना कृतघ्न म्हणालो, कीवीफळांचा उद्धार केला. मुलगी सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, यू लिटरली सेड नो." बायको म्हणाली, "बरोबर बोलतेय ती." दोघींवर मी भयंकर चिडलो. खरा राग कुणावर होता ते मला पक्कं माहीत होतं, म्हणून तर आवाज इतका चढला होता.

पुढच्या रविवारी सकाळी नव्या बाई माझ्याकडून फाइली समजून घ्यायला घरी आल्या. त्या ढ निघाव्यात अशी माझी मनापासून इच्छा होती. पण दुसऱ्याच तक्त्यावर त्यांनी असा प्रश्न विचारला, जो सहा वर्षांत मला कुणीच विचारला नव्हता. वारा असेल तेव्हाचे आकडे वेगळे का काढले नाहीत? मी तो प्रश्न वहीत लिहून घेतला. मग लॅपटॉप मिटून त्या इंग्रजीत म्हणाल्या, "हे सगळं तुम्ही एकट्याने केलंत. मग अर्ज का नाही केला? मला वाटलं होतं मुलाखतीला तुम्हीच समोर असाल."

"ऑफिसात फार काम आहे," मी म्हणालो.

बायकोने पोहे आणले. बाईंची बशी रिकामी झाल्यावर तिने विचारलं, "सम मोअर?"

"यस प्लीज," म्हणत बाईंनी लगेच बशी पुढे केली. बायकोने दोन डाव वाढले, वर खोबरं घातलं. मग डाव तसाच हातात धरून ती माझ्याकडे वळली.

"तुला?"

"नको, बास."

लग्नाला अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत माझं पहिलं "नको" तिने कधीच ऐकलेलं नव्हतं, सरळ वाढायची. त्या दिवशी तिने माझ्याकडे नीट बघितलं, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ते आत घेऊन गेली.

मला भूक होती.